डी ड्राईव्हमधले चेहरे

१२ नोव्हेंबर २००२, मंगळवार

आज माझा भागीदार पंजाब स्टुडिओत आला आणि काउंटरवर न बसता सरळ कॉम्प्युटरपाशी खुर्ची ओढून बसला. मला आश्चर्यच वाटलं. अठरा वर्षं आम्ही दोघं मिळून खामगावात हा स्टुडिओ चालवतो. कॅमेरा आणि डार्करूम माझी, काउंटर आणि गिऱ्हाईक त्याचं. दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला तेव्हा "तुहं खेळणं तूच पाह्य" म्हणाला होता आणि त्यानंतर त्याने माऊसला बोटही लावलं नव्हतं.

"शेषू, यात आपले किती फोटो हायेत बे?"

"अकरा हजाराच्या वर."

"आन सगळे एकाच ठिकाणी?"

"हाव. एकच ड्राईव्ह हाये, सी. त्यातच विंडोज, त्यातच फोटो."

"मंग उद्या विंडोज बसलं तर?"

हा घोर मला स्वतःलाच लागलेला आहे. विंडोज बिघडलं की कोणीही येऊन म्हणतो, फॉरमॅट मारा. फॉरमॅट मारला की फोटोही गेले. पंजाब म्हणाला, अकोल्याला एक जण भेटला होता, त्याने सांगितलं की एका ड्राईव्हचे दोन करता येतात. सीमध्ये विंडोज ठेवायचं, डीमध्ये फोटो. सी बिघडला तरी डीला धक्का लागत नाही.

अठरा वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या कामात असं लक्ष घातलं. बरं वाटलं.

निगेटिव्ह असत्या तर एवढी भीती नव्हती. पण मागच्या वर्षी त्यांना बुरशी धरली, ट्रंकांनी जागा अडवली, आणि पंजाब म्हणाला स्कॅन झाल्यावर या कायले ठेवायच्या. खामगावात चांदी काढणाऱ्यांची काही कमी नाही. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हमधूनही ते चांदी काढतात. देऊन टाकल्या. आता जे आहे ते या डब्यातच आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉम्प्युटरच्या मासिकासोबत आलेल्या सीडीत ड्राईव्ह दुभागायचं सॉफ्टवेअर मिळालं. माहिती तीनदा वाचली. आधी डिस्क तपासायची. मग डिफ्रॅग करायचं, म्हणजे डिस्कवर इथे-तिथे सांडलेले फोटोंचे तुकडे गोळा होऊन एका बाजूला लागतात आणि दुसरी बाजू रिकामी होते. मग त्या रिकाम्या बाजूचा वेगळा ड्राईव्ह करायचा. आहे ते जागच्या जागी राहतं. वाचताना सोपं वाटतं.

शेवटी ठळक अक्षरात लिहिलंय की काम चालू असताना वीज गेली तर दोन्हीकडचं जाऊ शकतं. आणि आमच्याकडे लोडशेडिंग. ते वेळापत्रकाने तरी कुठे चालतं?

जेवताना बायकोला, शालूला, सांगितलं. तिने भाकर वाढता वाढता विचारलं, "पंजाबभाऊ कधीपासून कॉम्प्युटरपाशी बसाले लागले?"

मी म्हटलं, धंद्याची काळजी त्यालाही आहेच की. शालूला पंजाब पहिल्यापासून फारसा पटत नाही. तो मोठ्याने हसतो म्हणून असेल.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दुभागण्याआधी सगळ्याची नक्कल दुसरीकडे काढून ठेवावी, असंही लिहिलेलं होतं. आपल्याकडे सीडी रायटर नाही. पंजाबला सांगितलं तर दुसऱ्याच दिवशी अकोल्याच्या त्या ओळखीच्या माणसाकडून एक मोकळी हार्ड डिस्क घेऊन आला. आठ दिवसांच्या बोलीवर. असा मित्र मिळायला नशीब लागतं.

नक्कल करायला अख्खा दिवस गेला. मधे दोनदा वीज गेली, दोनदा पुन्हा सुरू केलं. डिस्क तपासणाऱ्या स्कॅनडिस्कने तीन फायली खराब दाखवल्या होत्या. त्या उघडून पाहिल्या तर लोणारच्या सहलीचे फोटो, तेही दुबार. जीव भांड्यात पडला.

२४ नोव्हेंबर, रविवार

झालं. लगेच लिहून ठेवतो.

पंजाबने मंडपवाल्याचा जनरेटर आणून स्टुडिओच्या मागे उभा केला. शटर अर्धं ओढलं. साडेअकराला सुरू केलं. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू सरकते, बाकी काही नाही. त्रेचाळीस टक्क्यांवर ती थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं झाली. पंजाब उभा, मी बसलेला. मला सारखी ती माणसं आठवत होती जी कुंकवाचा करंडा आणि एक गांधी टोपी घेऊन फोटो काढायला आली होती आणि घरातल्या सगळ्या पुरुषांनी आळीपाळीने तीच टोपी घातली होती. त्यातला आता एकही जिवंत नाही.

पट्टी पुन्हा सरकली. बासष्टवर वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला. तो पाच मिनिटांच्या वर चालत नाही. पंजाब मागच्या दाराने पळाला. जनरेटर दोनदा ओढला, लागला नाही. तिसऱ्यांदा लागला. त्याचा हात सोलून निघाला होता, तसाच आत आला आणि विचारलं, "चालू हाये ना बे?"

दोन वाजता पूर्ण झालं. माय कॉम्प्युटर उघडलं तर सी आणि डी, शेजारी शेजारी. फोटो एकूण एक मोजले. एकही गेला नाही. मग डीला नाव दिलं, चेहरे. इंग्रजीत टाईप करावं लागलं.

पंजाबने शेगावच्या कचोऱ्या मागवल्या. हाताला फडकं गुंडाळून खात होता. मला रडू आलं ते कचोरीच्या तिखटाने आलं असं म्हणालो.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

उसनी डिस्क पुसून पंजाबकडे परत दिली. तो आजच अकोल्याला गेला.

११ डिसेंबर, बुधवार

फोटो डीमध्ये हलवून झाले, पण तिथेही ते नुसते नंबराने पडलेत. पंजाब म्हणतो, गावानुसार फोल्डर कर, त्यात माणसाच्या नावाने लाव. "तू नसला तरी मले सापडलं पाह्यजे."

खरं आहे. मी पन्नाशीला आलो. उद्या काही झालं तर स्टुडिओ अडून राहू नये. म्हटलं, करतो.

रोज दुपारी बसतो. साखरखेर्डा, बीबी, नांदुरा, जलंब. कित्येकांची नावं मलाच ठाऊक आहेत, कुठे लिहिलेली नाहीत. चेहरा पाहिला की नाव आठवतं, नावासोबत त्या दिवशी तो काय बोलला तेही. पंजाब शेजारी बसून विचारतो, "हा कोण बे? हे कोण्या गावचे?" मी सांगतो. इतक्या गप्पा आमच्या कित्येक वर्षांत झाल्या नव्हत्या.

५ जानेवारी २००३, रविवार

साखरखेर्ड्याच्या गोजरबाईंच्या नवऱ्याची फाईल तीन दिवस घेऊन बसलो होतो. एकोणीसशे सत्त्याऐंशीची निगेटिव्ह. फोटो काढून गेले आणि आठवड्याने विहिरीत पडून वारले. प्रत न्यायला कोणी आलंच नाही. बुरशीने उजवा गाल पूर्ण खाल्ला होता. डाव्या गालावरून थोडं थोडं घेऊन उजवा भरला. कानाजवळचा भाग जमेना, म्हणून तिथे फेट्याचं टोक जरा खाली ओढून घेतलं. कोणाला कळणार नाही. मला कळतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उद्या बीबीला जायचं आहे, लग्नाचे फोटो काढायला. मी एका दिवसात परत येणार होतो, पण पंजाबने परस्पर लग्नघरच्यांना दोन दिवसांचं कबूल केलं. "हळदीपासून काढ, लोकं खूश होतात. स्टुडिओची काळजी करू नोको."

संध्याकाळी स्टुडिओतून निघताना म्हणाला, "त्या डीले तू इंग्रजीत काय नाव देल्लं होतं?"

"सी-एच-ई-एच-आर-ई. काऊन?"

"सहज."

त्याने ते पावतीच्या मागे लिहून घेतलं. त्याला आता हे शिकायचं मनावर आलंय. परत आल्यावर नीट बसून शिकवीन.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

डी नाही.

सकाळी कॉम्प्युटर लावला. माय कॉम्प्युटरमध्ये फक्त सी. बंद करून पुन्हा लावला. फक्त सी. केबल काढून लावली. फक्त सी.

पंजाबला सांगितलं तर तो खाली बसला. बराच वेळ डोक्याला हात लावून बसला होता. मग म्हणाला, "जाऊ दे शेषू. तुह्या हातून झालं. कोणी मुद्दाम करते काय?"

तेव्हा मला कळलं की हे माझ्या हातून झालंय. नोव्हेंबरात ती पट्टी थांबली तेव्हाच आत काहीतरी चिरलं असेल. तीन महिने तग धरला आणि आता गेलं.

त्याला म्हटलं अकोल्याची ती डिस्क? "ते तर तूच पुसून देल्ली बे." हो. मीच दिली.

२३ फेब्रुवारी, रविवार

पंजाब म्हणतो, फॉरमॅट मारू आणि नव्याने सुरुवात करू. मी हात लावू दिला नाही. का ते मलाच सांगता येत नाही. मढं घरात असताना झाडू मारत नाहीत, तसं काहीसं. वायरी काढल्या, जुनी चादर गुंडाळली, रिक्षात घालून घरी आणलं. शालूने कपाटावर जागा करून दिली.

९ मार्च, रविवार

स्टुडिओतून बाहेर पडलो.

पंजाब काही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. गिऱ्हाईक जुना फोटो मागायला यायचं तेव्हा तो माझ्याकडे बघायचाही नाही, नुसता म्हणायचा, "गेले हो सगळे. मशिनीचं काम हाये, काय करता." आणि मी डार्करूमचं दार लावून घ्यायचो. परवा बीबीहून दोघे भाऊ आले होते, आईच्या फोटोसाठी. ते गेल्यावर मीच म्हणालो, "पंजाब, माह्यानं आता इथी बसवत नाही."

"तुही मर्जी. मी नाही म्हणत नाही आन जा बी म्हणत नाही."

कागद त्याने केले होते. मी सह्या केल्या. कॅमेरा आणि तो कॉम्प्युटर मला, बाकी त्याचं. शालूने विचारलं, कागद आधीच कसे तयार होते? मी म्हटलं, त्याचं काम असं व्यवस्थितच असतं.

२ एप्रिल, बुधवार, पाडवा

पंजाबने स्टुडिओला नवा फलक लावला. डिजिटल लॅब. नारळ फोडायला मला बोलावलं होतं. गेलो नाही. त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटते.

मोटरसायकलवर कॅमेरा घेऊन गावोगाव फिरतो आहे. शाळेचे फोटो, साखरपुडे. हात चालतो, पण बटण दाबताना वाटतं, हा तरी टिकणार आहे का?

१७ मे, शनिवार

साखरखेर्ड्याला बारशाचे फोटो काढायला गेलो होतो. काम आटोपल्यावर गोजरबाईंनी हाक मारली. चहा ठेवला. भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा फोटो, नवी फ्रेम, ताजा हार.

"पाहा बरं भाऊ, कसे दिसून राह्यले," म्हणाल्या. "सोळा वर्सानं आले घरी."

मी उठून जवळ गेलो. उजवा गाल. कानाजवळ खाली ओढलेलं फेट्याचं टोक.

"हा कुठी भेटला तुमाले?"

"पंजाबरावाच्या दुकानात. म्हणे आमच्या मशिनीत हाये तुमच्या मालकाचा फोटो. गावाचं नाव सांगतलं तं लगेच काढून देल्ला."

चहा प्यायलो की नाही आठवत नाही. वाटेत लोणी-फाट्यावर मोटरसायकल उभी करून लिंबाखाली बसलो. आधी मनाशी म्हणालो, एखादी जुनी प्रत असेल त्याच्याकडे. पण त्या निगेटिव्हची प्रत कधी निघालीच नव्हती. ते टोक जानेवारीत मी ओढलं. ते डीमध्ये होतं, आणखी कुठेही नव्हतं.

तरी मन म्हणत होतं, काहीतरी दुसरं कारण असेल.

२० मे, मंगळवार

कपाटावरून कॉम्प्युटर काढला आणि अकोल्याला अर्जुनरावांकडे नेला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आता कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांना सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "डी गेल्यावर यात काही टाकलं काय?"

"नाही. हातच लावला नाही."

"लय चांगलं केलं."

तासाभराने त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. डी होता. नाव चेहरे. फोल्डर उघडलं, साखरखेर्डा, बीबी, जलंब. सगळी माणसं आपापल्या गावात. मी मोजायला लागलो तर ते म्हणाले, "मोजू नका, पूर्ण हायेत."

मग म्हणाले, "शेषराव, तुमची चूक कुठीच नाही. तुमी दुभागलं ते काम एकदम साफ होतं. हे खराब झालं नाही. काढलं हाये."

"म्हणजे?"

"ड्राईव्ह काढाचा असला तं मशीन त्याचं नाव विचारते. नाव बराबर टाईप केल्याशिवाय काढू देत नाही. कोणीतरी बसून टाईप केलं."

शेवटी त्यांनी फायलींच्या तारखा दाखवल्या. फाईल शेवटची कधी उघडली त्याची तारीख तिच्यावर राहते. अकरा हजार फायली, सगळ्यांवर एकच तारीख. एकोणीस फेब्रुवारी. त्या दिवशी मी बीबीला लग्नाच्या मांडवात फोटो काढत होतो. म्हणजे आधी सगळी नक्कल काढून घेतली, मग पुसलं.

ती पावती. नाव मीच सांगितलं होतं, एकेक अक्षर सुटं करून.

घरी आलो. शालू दारातच होती. माझ्याकडे पाहून तिने काहीच विचारलं नाही. पाणी दिलं आणि शेजारी बसून राहिली. तिला कधीपासून माहीत होतं कोण जाणे.

२२ मे, गुरुवार

सकाळी दहाला त्याच्या दुकानात गेलो. मोठं काचेचं काउंटर, दोन नवीन मशीन. पंजाब गिऱ्हाईकाला फोटो कापून देत होता. मला पाहून हसला, मग हसणं थांबलं. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "बस."

मी बसलो नाही. "डी सापडला, पंजाब."

त्याने कात्री खाली ठेवली. मला वाटलं नाकबूल करील. शपथा घेईल. माझ्या मनात एक कोपरा अजून त्याचीच वाट पाहत होता.

"एकही फोटो खराब नाही केला मी," तो म्हणाला. "सगळे हायेत माह्याकडे. लोकाले देऊन राह्यलो. तुह्याकडे राह्यले असते तं तू नुसता पाहत बसला असता."

"मले म्हणला, तुह्या हातून झालं."

त्याने काचेवरचे कागदाचे कपटे एका बाजूला सारले.

"तीन महिने मी रोज त्याईची माफी मागतली, पंजाब. एकेका माणसाची. नाव घेऊन."

"लॅबसाठी भागीदार भेटला होता, त्याले दुकान एकट्याचं पाह्यजे होतं," तो काउंटरकडे बघत म्हणाला. "तू सोडून गेला असता काय, तसा? आन फोटो मागतले असते तं देल्ले असते काय?"

"हाव," मी म्हणालो. "देल्ले असते."

त्याने वर पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्याच्याशी एकदाही खोटं बोललेलो नाही, हे त्याला माहीत आहे. आत्ताही बोललो नव्हतो, हे त्याला समजलं. तो काही म्हणणार होता, तेवढ्यात एक बाई लेकराचा पासपोर्ट फोटो काढायला आत आली आणि तो "या ताई" म्हणून उठला.

मी बाहेर आलो. भर बाजारात उन्हात उभा राहिलो, आणि घर कोणत्या बाजूला आहे ते काही वेळ सुचेना.

८ जून, रविवार

शालूचं म्हणणं, गावभर सांगा. पोलिसात जा. मी काय सांगू? त्याने सोललेल्या हाताने जनरेटर सुरू केला होता तो दिवस खरा होता की नाही, हेच मला अजून ठरवता येत नाही. त्या दिवशी जनरेटर लागला नसता तर माझं सगळं गेलं असतं, आणि त्याचंही. एवढंच होतं का ते?

ओसरीत टेबल टाकलं आहे. लोक यायला लागलेत. बीबीचे ते दोघे भाऊ परवा येऊन आईचा फोटो घेऊन गेले. धाकटा तिथेच पायरीवर बसून पाहत राहिला. मी त्यांना पंजाबबद्दल काही बोललो नाही. फोटो सापडले, एवढंच सांगितलं.

अर्जुनरावांनी सगळ्याची नक्कल सीड्यांवर काढून दिली. पंचवीस सीड्या, दोरीने बांधलेल्या. त्यांनी बजावून सांगितलं, "या तुमच्या घरी ठेवू नका. आग लागते, चोरी होते. दुसऱ्याच्या घरी ठेवा. विश्वासातल्या माणसाच्या."

दुपारी शालूने विचारलं, "मंग कोणाकडे ठेवता?"

तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझ्या जिभेवर नाव आलं होतं. पंजाबचं. अठरा वर्षं अशा वेळी दुसरं नाव कधी लागलंच नव्हतं, शोधायची सवयच नाही. मी तोंड मिटलं. शालू गठ्ठ्याकडे बघत राहिली.

भाऊ, मेहुणे, शेजारी, सगळे डोळ्यासमोर आणून पाहिले. कोणाबद्दल काही वाईट आठवत नाही, तरी प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबतो आणि पुढे सरकतो.

उद्या गठ्ठा घेऊन पहिल्या एसटीने साखरखेर्ड्याला जाईन. गोजरबाईंना विचारून पाहतो.